घोड्याचा केस बांधला की चामखीळ जाते? आधी ती कोणती आहे ते बघा

गेवराई तालुक्यातलं तलवाडा असो की मराठवाड्यातलं दुसरं कुठलं गाव, अंगावर चामखीळ दिसली की सल्ला ठरलेला असतो : घोड्याचा केस बांध, नाहीतर चुना लाव. त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा तर बीड, अंबाजोगाई किंवा थेट संभाजीनगरची घाटी. म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. त्यामुळे आधी घरगुती उपाय होणार, हे समजण्यासारखं आहे.

पण गडबड शब्दातच आहे. अंगावर जे काही उगवतं, त्या सगळ्याला आपण चामखीळ किंवा मस म्हणून मोकळे होतो.

मानेवर, काखेत, पापणीवर लोंबणारी मऊ, देठाची गाठ म्हणजे स्किन टॅग. ती विषाणूमुळे होत नाही आणि एकाची दुसऱ्याला लागत नाही. वजन वाढलेल्यांना, मधुमेह असणाऱ्यांना आणि गरोदरपणात ती जास्त दिसते. केसाचा उपाय चालतो तो इथेच. देठ आवळला की रक्तपुरवठा तुटतो आणि गाठ सुकून पडते. मात्र जखम चिघळण्याचा धोका असतोच.

विषाणूमुळे होणारी खरी चामखीळ वेगळी. तिचं कारण ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही. याचे २०० हून जास्त प्रकार आहेत आणि तो त्वचेवरच्या बारीक चिरेतून आत शिरतो. हाताची बोटं आणि नखांभोवती येणारी खरखरीत, फुलकोबीसारखी दिसते ती नेहमीची चामखीळ. नखं कुरतडणाऱ्या मुलांमध्ये ती एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जाते. चेहऱ्यावर बारीक, चपट्या चामखिळी येतात. दाढी करताना वस्तरा फिरला की त्या ओळीने पसरतात.

सगळ्यात जास्त फसवते ती तळपायाची. चालून चालून ती आत दाबली जाते आणि लोक तिला भोवरी किंवा कुरूप समजून बिब्बा लावतात. बिब्ब्याने कातडी भाजते, पण विषाणू तिथेच राहतो. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात (त्या गोठलेल्या रक्तवाहिन्या असतात) आणि त्वचेवरच्या रेषा तिथे तुटतात. भोवरीवरून वरून दाबलं की कळ येते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. मधुमेह असेल तर पायावर कुठलाच प्रयोग घरी करू नका.

लहान मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात, त्यामुळे घाई नको. उपचार करायचाच तर सॅलिसिलिक ॲसिड, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं किंवा विजेच्या उपकरणाने जाळणं हे पर्याय डॉक्टरांकडे असतात. तरीही ती परत येऊ शकते. आणि काळा डाग आकार किंवा रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर तो चामखीळ नसूही शकतो. तो लगेच दाखवा.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. गुप्तांगावर येणाऱ्या चामखिळी बहुतेक वेळा एचपीव्ही ६ आणि ११ मुळे होतात आणि शरीरसंबंधातून पसरतात. लाजेपोटी बायका त्या लपवतात आणि दिसल्या की घरात संशय सुरू होतो. पण विषाणू शिरल्यावर चामखीळ उगवायला काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. काहींना तर ती कधी येतच नाही. त्यामुळे कोणाकडून कोणाला लागण झाली, हे चामखीळ बघून सांगता येत नाही.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर मुख्यतः १६ आणि १८ या वेगळ्या प्रकारांमुळे होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०२३ मध्ये बाजारात आलेली सर्व्हाव्हॅक लस ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांपासून संरक्षण देते. ती ९ ते २६ वयाच्या मुलींसाठी आहे, तशी मुलांसाठीही. फक्त आधीच आलेली चामखीळ या लसीने जात नाही.