परजनुकी उंदीर आणि 'भाषेचे जनुक'

जिंतूर परिसरातील कापूस उत्पादकास 'बीटी' हा शब्द परिचयाचा आहे. 2002 साली भारतात परवानगी मिळालेल्या या कापसात एका जिवाणूचे जनुक घातलेले होते, आणि ते वाण सिद्ध करणारी महिको कंपनी शेजारच्या जालन्यातच उभी राहिली. परक्या जीवाचे जनुक धारण करणाऱ्या अशा वनस्पतीस वा प्राण्यास परजनुकी म्हणतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचा परजनुकी प्राण्याशी संबंध येतो तो 'भाषेचे जनुक सापडले' या विधानाच्या निमित्ताने. ते विधान पारखावयाचे, तर उंदरातील जनुक कोणत्या रीतीने बदलतात हे प्रथम पाहिले पाहिजे.

अशा रीती मुख्यत्वे तीन आहेत. पहिलीत नुकत्याच फलित झालेल्या अंड्यातील दोन केंद्रकांपैकी एकात काचेच्या अतिसूक्ष्म सुईने डीएनए सोडतात व ते अंडे दुसऱ्या मादीच्या गर्भमार्गात ठेवतात. 1982 साली पामिटर व ब्रिन्स्टर यांनी या रीतीने वाढीच्या संप्रेरकाचे जनुक घातले, तेव्हा काही उंदीर नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे झाले. परंतु येथे जनुक कोठे व किती प्रतींनी बसेल याचा नेम नसतो. पोथीत कोठेही घुसलेल्या प्रक्षेपासारखेच हे होय.

दुसरी रीत पाठ बदलण्याची. भ्रूणातील मूलपेशी वाढवून त्यांत असा डीएनए सोडतात, की ज्याची दोन्ही टोके मूळ क्रमाशी जुळतात. क्वचित एखादी पेशी मूळ जनुकाच्या जागी नवे स्वीकारते. तिची वाढ करून त्या पेशी दुसऱ्या भ्रूणात मिसळतात, आणि पुढील पिढ्यांत पूर्ण बदललेला उंदीर मिळतो. यासाठी कॅपेकी, इव्हान्स व स्मिथीज यांना 2007 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिसऱ्या, म्हणजे क्रिस्पर रीतीत मार्गदर्शक आरएनए नेमकी जागा शोधतो व कॅस9 हे विकर तेथे छेद देते. 2013 पासून हे काम थेट फलित अंड्यात होऊ लागले. पुण्याच्या आयसर संस्थेतही असे उंदीर तयार केले जातात. मात्र अन्यत्र अनपेक्षित छेद पडला नाही ना, हे तपासावे लागते.

आता मूळ प्रश्न. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्या आढळलेल्या वाचादोषाचे मूळ फॉक्सपी2 या जनुकातील बदलात असल्याचे 2001 साली दिसले. या जनुकाच्या प्रथिनात मानव व चिंपांझी यांच्यात केवळ दोन अमिनो आम्लांचा फरक आहे. 2009 साली लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतील एनार्ड व सहकाऱ्यांनी तेवढेच दोन बदल उंदराच्या जनुकात, त्याच्या मूळ जागी केले. प्रक्षेपाची रीत येथे निरुपयोगी ठरली असती. कारण उंदराचे स्वतःचे जनुकही शेजारी कार्यरत राहिले असते.

परिणाम काय झाला? मेंदूच्या तळाशी असलेल्या, हालचालींच्या शिक्षणाशी संबंधित भागात चेतापेशींच्या शाखा लांबल्या, आणि पिलांच्या अतिउच्च ध्वनींत थोडा फरक पडला. पदक्रम, प्रत्यय वा अर्थ यांविषयी या प्रयोगातून काहीही सिद्ध होत नाही. फॉक्सपी2 हे उच्चारासाठी लागणाऱ्या चेतामार्गांशी निगडित अनेक जनुकांपैकी एक होय. त्यास 'भाषेचे जनुक' म्हणणे म्हणजे वीणेच्या एका तारेस राग म्हणण्यासारखे आहे.