उलट्या क्रमाची चित्रकला

अंडं कच्चंच हवं, ही पहिली अट. उकडून एकाच रंगात बुडवतात ती क्राशांका. ती ईस्टरला फोडून खातात. पिसांका, म्हणजे मेण आणि रंगांनी नक्षी काढलेलं अंडं, खायची नसते, कुणाला तरी द्यायची असते. आणि आतला जीवच शिजवून टाकला तर तिच्यात वसंत कुठून येणार, असं युक्रेनी बायकांचं म्हणणं.

ते ऐकलं कॅनडातल्या एडमंटनमध्ये, एका चर्चच्या तळघरात. अल्बर्टा प्रांतात युक्रेनी शेतकरी आले १८९० च्या दशकात. पुढे सोव्हिएत राजवटीत, धर्माशी नातं म्हणून, मायदेशी ही कला दबली. परदेशी गेलेल्या घरांनी ती चालू ठेवली.

हत्यार एवढंसं. काडीच्या टोकाला तारेने बांधलेलं पितळेचं इवलं नरसाळं, त्याचं नाव किस्तका. ते मेणबत्तीवर तापवायचं, मधमाश्यांच्या मेणात खुपसायचं आणि अंड्यावर रेघ ओढायची. हात स्थिर, फिरतं ते अंडं. ज्योतीच्या काजळीने मेण काळं होतं म्हणून रेघ दिसते तरी. बोटांचा तेलकटपणा लागला की तिथे रंग धरत नाही, म्हणून अंडं कागदी रुमालात धरलेलं.

तंत्र बाटिकचंच, पण डोकं उलटं चालवावं लागतं. जे पांढरं राहायला हवं ते आधी मेणाखाली झाकायचं, मग अंडं पिवळ्यात बुडवायचं. पिवळं हवं ते झाकलं की नारिंगी, मग लाल, शेवटी काळा. हिरवा या रांगेत बसत नाही. तो काडीने ठिपक्याठिपक्यांनी लावून लगेच मेणाखाली लपवतात. खोडायची सोय नाही. शेवटी हातात राहतो एक काळा, खडबडीत गोळा. तो ज्योतीच्या वर नव्हे, बाजूला धरायचा. मेण चमकू लागलं की फडक्याने पुसायचं. आत्ता कुठे पहिली पांढरी रेघ दिसते.

चिन्हांचे छापील तक्ते मिळतात: हरीण म्हणजे अमुक, नागमोडी रेघ म्हणजे अनंत. मला ते फार नीटनेटके वाटतात. टेबलाभोवतीच्या बायका अर्थांवर थोडं आणि रंगांच्या क्रमावर पुष्कळ बोलत होत्या. कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांची कथा मात्र सगळ्यांना पाठ: कड्याला साखळदंडाने बांधलेला एक दुष्ट आहे, आणि ज्या वर्षी पिसांका कमी होतात त्या वर्षी त्याची साखळी सैल पडते. २०२४ मध्ये ही कला युनेस्कोच्या यादीत गेली, युक्रेनमध्ये युद्ध चालू असताना.

एडमंटनच्या पूर्वेला व्हेग्रेव्हिल गावात १९७५ साली उभारलेली धातूची प्रचंड पिसांका आहे, वाऱ्यावर फिरणारी. रोनाल्ड रेश या संगणकतज्ज्ञाने २२०८ त्रिकोण आणि ५२४ त्रिशूळी तारे जोडून तिचा आकार साधला. तिचं बरं आहे, तिच्यात बलक नाही. खऱ्या पिसांकेतला बलक वाळायला वर्षं लागतात. तोवर तिला हवेशीर ठेवा, बंद कपाटात किंवा उन्हात नको, असं शेजारच्या बाईंनी निघताना बजावलं. फुटली तर म्हणे त्या खोलीत आठवडाभर पाऊल टाकवत नाही.