चायनीज बँक्वेट: भाव ताटावर नाही, टेबलावर!

केटरिंग किंवा छोटं हॉटेल सुरू करायचा विचार करताय? मग जेवणाचा भाव कसा लावायचा, हे आज एका परदेशी पद्धतीवरून समजून घेऊ.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सॅन गॅब्रिएल व्हॅली हा उपनगरांचा पट्टा आहे. तिथल्या माँटेरे पार्क भागात १९७० च्या दशकापासून तैवान, हाँगकाँगची कुटुंबं मोठ्या संख्येने राहायला आली. त्यांच्या मागोमाग मोठाली चिनी रेस्टॉरंट्स आली. लग्न, साठी, बाळाला महिना झाला, की तिथे बँक्वेट ठरतं. आपल्या गाडीवरच्या मंचुरियनशी याचा काही संबंध नाही बरं का!

१. विकतात ते टेबल. गोल टेबल, दहा माणसं, ठरलेला मेनू, एकच भाव. समजा टेबल ६०० डॉलरचं आहे. दहा जण आले तर माणशी ६० पडले, आठच आले तर ७५. मालकाचे ६०० पक्के. आपल्याकडे 'पर प्लेट' भावात शेवटच्या क्षणी वीस माणसं कमी झाली, की वाद सुरू होतो. इथे पाहुण्यांचा हिशेब यजमान सांभाळतो.

२. पदार्थांचा क्रम. साधारण आठ ते दहा पदार्थ एकामागून एक येतात. आठ हा शुभ आकडा, चार मात्र टाळतात, कारण त्याचा उच्चार 'मृत्यू'च्या शब्दासारखा आहे. सुरुवातीला थंड किंवा भाजलेल्या मांसाचं ताट येतं. ते आधीच तयार असतं, त्यामुळे किचनला वेळ मिळतो. मग सूप, आलं-पातीतलं लॉबस्टर, कोंबडी, अख्खा वाफवलेला मासा. 'मासा' आणि 'शिल्लक' या शब्दांचा चिनी उच्चार सारखाच, म्हणून तो शुभ! भात आणि नूडल्स शेवटी. महागाचे पदार्थ मोजून येतात आणि स्वस्तातल्या भात-नूडल्सवर पोट भरतं. कोणी उपाशी उठत नाही.

३. वाढायला माणसं कमी लागतात. टेबलाच्या मध्ये फिरतं चाक असतं. ताट मध्ये ठेवलं की पाहुणेच चाक फिरवून वाढून घेतात, आधी वडीलधाऱ्यांना देतात. चहा संपला की किटलीचं झाकण उघडं ठेवायचं, वेटर समजतो. हाका मारायची गरज नाही. आणि गंमत बघा, एकमेकांना वाढण्यातच पाहुण्यांना खरी मजा येते!

४. एक हॉल, दोन धंदे. अशा बऱ्याच ठिकाणी सकाळ-दुपार डिमसम चालतं आणि संध्याकाळी बँक्वेट. भाडं एकच, कमाई दोनदा.

आता आपल्या कामाचं. फिरतं चाक लगेच आणायला जाऊ नका. आधी वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा: दहा माणसांच्या ठरलेल्या मेनूला खर्च किती येतो, त्यातले कोणते पदार्थ आदल्या दिवशी तयार होतात आणि माणसं कमी आली तर नुकसान कोणाचं. तिसऱ्याचं उत्तर 'माझं' असेल, तर ऑर्डर घेण्याआधीच 'दहा जणांचं पॅकेज, इतका ॲडव्हान्स' असं लेखी ठरवा.

पाहुणा पोटभर जेवला पाहिजे, आणि आपला हिशेब तो जेवायला बसायच्या आधीच झालेला पाहिजे!