फुलं चिकटवायला या

यंदा आमच्या बाप्पाची मिरवणूक बॅडमिंटन कोर्टाभोवती निघाली.

एरवी आम्ही हॉलच्या बाहेर पडतो. गाडीला जोडलेला ट्रेलर, त्यावर बाप्पा, पुढे आठ-दहा ढोल, दोन ताशे आणि लेझीम खेळणाऱ्या मुली. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच मार्ग. समोरच्या घरातले आयरिश आजी-आजोबा त्या दिवशी फाटकापाशी खुर्च्या टाकून, हातात चहाचे मग घेऊन बसतात. पाऊस आला तर छत्री उघडतात, पण उठत नाहीत.

यंदाचा उन्हाळा कसा गेला ते इथल्या वाचकांना सांगायला नको. जुलैमध्ये डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसावर जमावाने हल्ला केला. पाठोपाठ तशाच आणखी बातम्या आल्या. १ ऑगस्टला आपल्या दूतावासाने सूचना काढली : काळजी घ्या, निर्जन जागी, विशेषतः अवेळी, जाऊ नका. फिनिक्स पार्कमधल्या फार्मलीला होणारा ‘इंडिया डे’ पुढे ढकलला गेला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस खल झाला आणि शेवटी आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांनी लिहिलं, “बरोबर लहान मुलं असतात. यंदा आतच करू या.” कुणी वाद घातला नाही. मीही नाही.

मग चाकांच्या टेबलावर बाप्पा बसवले. टेबलाला ऑनलाइन मागवलेल्या प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा गुंडाळल्या आणि कोर्टाभोवती तीन फेऱ्या मारल्या. आरती, प्रसाद, आवराआवर झाली. बाहेर आले तर समोरच्या आजी फाटकात उभ्या. म्हणाल्या, “आज ढोल आतूनच ऐकू आले. आम्ही खुर्च्या काढून ठेवल्या होत्या.” काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही.

पुढच्याच शनिवारी मी नेदरलँड्समध्ये एका तंबूत डेलियाची फुलं ठोकत बसले होते.

त्याचं असं झालं. माझ्या ऑफिसात ब्रेडाजवळचा एक डच सहकारी आहे. कोकणातला चाकरमानी गणपतीला गावी जातो, तसा हा गडी दरवर्षी सप्टेंबर लागला की रजा टाकून पसार होतो. गावाचं नाव झुंडर्ट. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८५३ मध्ये इथेच जन्मला. दर सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी इथे फुलांच्या चित्ररथांची मिरवणूक निघते, तिला ‘कोर्सो’ म्हणतात. मिरवणुकीची आणि सजावटीची माझी रडकथा ऐकून तो म्हणाला, “शेवटच्या दोन दिवसांत हात कमी पडतात. येऊन बघ.” मी लेकीला घेऊन निघाले. डब्लिनहून विमानाने आइंडहोव्हन, तिथून रेल्वेने ब्रेडा आणि पुढे बस.

१९३६ मध्ये राणी विल्हेल्मिना यांच्या वाढदिवसानिमित्त ही मिरवणूक सुरू झाली. रथ करतात ते गावाच्या आसपासच्या वीसेक वाड्या. प्रत्येक वाडीचा आपला तंबू, आपली डेलियाची शेती आणि शेजारच्या वाडीशी आपली ईर्षा. रथ वीस मीटरपर्यंत लांब असतात. मोठ्या रथाला लाखो फुलं लागतात आणि वापरायची ती फक्त डेलियाच. कंत्राटदार नाही, पगारी कामगार नाहीत. वेल्डिंगपासून जेवण वाढण्यापर्यंत सगळे स्वयंसेवक. नेदरलँड्समधल्या अशा कोर्सोंच्या परंपरेची २०२१ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. एका वाडीचं तर नावच ‘हेल्प्ट एल्कांडर’, म्हणजे ‘एकमेकांना मदत करा’.

कामाची पद्धत आपल्या देखाव्यासारखीच. आधी कल्पनेचं छोटं मॉडेल, मग लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर पुठ्ठा आणि कागदाच्या लगद्याचे थर. इथपर्यंतचं काम उन्हाळाभर चालतं. फुलं मात्र शेवटच्या दोन-तीन दिवसांतच लावायची, नाहीतर कोमेजतात. डेलियाची एक गंमत म्हणजे कळी तोडली तर ती पुढे उमलत नाही. त्यामुळे फूल जवळजवळ पूर्ण उमललं की तोडायचं, देठ छाटायचा आणि रंगाप्रमाणे क्रेटमध्ये भरायचं. मग एकेक फूल छोट्या खिळ्याने ठोकायचं किंवा गोंदाने चिकटवायचं. मधे पुठ्ठा दिसता कामा नये.

मला आणि लेकीला एका आजींच्या हाताखाली दिलं. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं, मला डच अजिबात नाही. त्यांनी हातोडी दिली, एक फूल ठोकून दाखवलं आणि माझं पहिलं फूल उपटून पुन्हा लावायला लावलं. पौर्णिमेच्या पुरणपोळ्यांना माझ्या आजीने लाटणं हातात दिलं होतं, तेव्हाही असंच झालं होतं. शेजारी सहा वर्षांची पोरं क्रेट ओढत होती, परातीवर उंच कुणी तरुण लटकत होता, एक आजोबा फक्त फुलांचे देठ छाटत होते. काहीच येत नाही म्हणून कुणाला परत पाठवलेलं मी पाहिलं नाही.

तो शनिवार ६ सप्टेंबर होता, म्हणजे अनंत चतुर्दशी. दुपारी मी फोनवर पुण्याची मिरवणूक लावली. गुरुजी तालमीचा, मानाचा तिसरा गणपती फुलांनी सजलेल्या रथात दिसला तशा आजी वाकून बघायला लागल्या. रथाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “डेलिया?” मी म्हटलं, “झेंडू, शेवंती, गुलाब.” मग त्यांनी कौतुकाने मान हलवली. या गुरुजी तालमीचा गणपती १८८७ मध्ये शिंदे आणि नालबन या हिंदू आणि मुस्लिम घरांनी मिळून बसवला, टिळकांनी उत्सवाला सार्वजनिक रूप देण्याच्याही आधी. हे सगळं आजींना खुणांनी सांगणं मला जमलं नाही. पण सांगताना माझ्याच लक्षात आलं, की आपल्या मिरवणुकीच्या मुळाशीही शेजारीच आहेत.

रविवारी रथ निघाले. बरेचसे रथ आतून माणसंच ढकलत होती. बाहेरून नुसता फुलांचा डोंगर सरकताना दिसायचा. परीक्षक आणि गुण हे सगळं होतंच, त्यावरून भांडणंही होत असणार. पण माझं लक्ष गर्दीकडे होतं. आमचा रथ आला तशी माझी लेक ओरडली, “आई, तो लाल पट्टा माझा!” पलीकडचे एक गृहस्थ त्याच वेळी त्यांच्या नातीला वेगळा पट्टा दाखवत होते. त्या रस्त्यावर नुसते प्रेक्षक असे फारसे नव्हतेच. ज्याने त्याने रथाला कुठेतरी फूल लावलेलं होतं.

परतीच्या विमानात मला फाटकातल्या आजींच्या खुर्च्या आठवत राहिल्या. इतक्या वर्षांत आम्ही त्यांना बघायला बसू दिलं, प्रसाद दिला, पण हात लावायला कधी बोलावलं नाही. हॉलच्या आत काय चालतं ते त्यांनी पाहिलेलंच नाही.

खरं तर या देशाला मिरवणुकीचं महत्त्व आपण शिकवावं असं काही नाही. सेंट पॅट्रिकची मिरवणूक आज डब्लिनची ओळख झाली आहे, पण ती रुजली परदेशी गेलेल्या आयरिश लोकांत. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनमध्ये १६०१ मध्ये अशी मिरवणूक निघाल्याची नोंद आहे. न्यूयॉर्कमध्ये १७६२ मध्ये ब्रिटिश फौजेतले आयरिश सैनिक रस्त्यावर उतरले. डब्लिनमध्ये सरकारी पुढाकाराने मिरवणूक निघाली ती १९३१ मध्ये आणि आजचा मोठा उत्सव सुरू झाला १९९६ मध्ये. परक्या शहरात आपण आहोत हे चालून दाखवणं म्हणजे काय, ते आयरिश माणसाला आपल्याइतकंच ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. मंडळापुढे माझा प्रस्ताव आहे : पुढच्या वर्षी आपला ट्रेलर रस्त्यावर यावा, तोही खऱ्या फुलांचा, आणि फुलं लावायला शेजाऱ्यांना बोलवावं.

अधिक महिन्यामुळे २०२६ ची गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. तेव्हा आयर्लंडमध्ये डेलिया भरात असतो आणि थंडीचा कडाका पडेपर्यंत फुलत राहतो. मेच्या मध्यानंतर, रात्रीच्या गारठ्याची भीती गेली की कंद लावायचे. पाणी साचेल तिथे लावू नका, कंद कुजतात. कोवळ्या पानांवर गोगलगायी तुटून पडतात, तेव्हा पहिला महिनाभर संध्याकाळी टॉर्च घेऊन पहारा करावा लागेल. फुलं तोडत राहिलं की झाड आणखी फुलतं.

हिशोबही केलाय. मध्यम आकाराची दोनशे फुलं एक चौरस मीटर झाकतात. ट्रेलरच्या दर्शनी भागाला तीन मीटर, म्हणजे सहाशे फुलं. तीस घरं, घरटी दोन झाडं, झाडाला त्या आठवड्यात दहा फुलं. उरलेल्या बाजूंसाठी पासाडेनाची युक्ती वापरू. तिथल्या रोझ परेडमध्ये रथाचा दिसणारा प्रत्येक भाग नैसर्गिक वस्तूंनी झाकावा लागतो, म्हणून फुलांबरोबर पानं, साली, बिया, धान्यही लावतात. तांदूळ, मसूर, मूग यांची रांगोळी घालणारे हात आपल्याकडे कमी नाहीत.

“बाप्पाला डेलिया चालतो का?” असं एका मावशींनी विचारलंच. चालतो हो. डेलिया मेक्सिकोचा, पण आपला झेंडू तरी कुठला? तोही मूळचा तिकडचाच. उपासाचा बटाटाही दक्षिण अमेरिकेतून आला, आणि इथल्या ताटातलाही.

फुलांच्या रथाने वाईट हेतूचा हात थांबेल असं मी म्हणत नाही. दिवसाउजेडी निघू, गार्डांना आधी कळवू, मुलांना मधे ठेवू. काकांची काळजी खरी आहे. परवा त्यांना फोन केला तेव्हा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझ्याकडे दोन कुंड्या रिकाम्या आहेत.”

फाटकातल्या आजींनाही विचारून आले. त्यांच्या परसात डेलियाचं जुनं वाण आहे. नोव्हेंबरात कंद काढून शेडमध्ये ठेवतात, त्यातला वाटा आपल्याला देणार आहेत. फुलं ठोकायच्या दिवशी किती वाजता यायचं, एवढंच त्यांनी विचारलंय.