बॅकअपचा साठा उपलब्ध, पण वाचता येईना : शोधयंत्राच्या क्लस्टरमधील दोष कसे ओळखावेत?

बातम्यांचा संग्रह, ग्रंथालयाची सूची किंवा दुकानांतील मालाची यादी यांतून हवी ती नोंद क्षणार्धात शोधून देणाऱ्या प्रणालींमध्ये इलॅस्टिकसर्चचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. २०१० साली प्रथम प्रसिद्ध झालेले हे सॉफ्टवेअर ल्युसीन या शोधसंहितेवर आधारलेले आहे. यात अनेक संगणक एकत्रितपणे काम करतात. या समूहाला क्लस्टर आणि त्यातील प्रत्येक घटकाला नोड असे म्हणतात.

प्रत्येक नोंदीच्या प्रतिकृती निरनिराळ्या नोडवर ठेवता येत असल्याने वेगळ्या बॅकअपची गरज नाही, असा समज आढळतो. तो धोकादायक आहे. एखादा नोड बंद पडल्यास प्रतिकृती उपयोगी पडते. मात्र चुकून संपूर्ण इंडेक्स पुसला गेल्यास त्याच्या सर्व प्रतिकृतीही नष्ट होतात. चालू नोडच्या फाइली परस्पर उतरवून घेणेही विश्वासार्ह नाही. याकरिता २०१४ मधील १.० या आवृत्तीपासून स्नॅपशॉटची सोय आहे. हे स्नॅपशॉट ज्या ठिकाणी साठवले जातात, त्यास रिपॉझिटरी म्हणतात.

रिपॉझिटरीची नोंदणी करताना सर्वसाधारणपणे पहिली अडचण मार्गाची येते. सामायिक डिस्कवरील फोल्डर वापरायचे असल्यास त्याचा मार्ग प्रत्येक मास्टर व डेटा नोडच्या सेटिंगमध्ये ‘पाथ डॉट रेपो’ या नावाखाली आधीच नमूद करावा लागतो आणि त्यानंतर नोड पुन्हा सुरू करावा लागतो. एका नोडवर ही नोंद राहून गेली, तरी नोंदणी अयशस्वी ठरू शकते.

दुसरा दोष पडताळणीच्या वेळी उघड होतो. मास्टर नोड रिपॉझिटरीत एक लहानशी चाचणी फाइल लिहितो आणि इतर नोड ती दिसते का, हे तपासतात. प्रत्येक संगणकावर एकाच नावाचे, परंतु स्वतंत्र फोल्डर असेल, तर मास्टरची फाइल इतरांना सापडत नाही. अशा वेळी सर्व नोडवर एकच सामायिक डिस्क जोडलेली आहे का, हे पाहावे.

तिसरे कारण परवानगीचे असते. नेटवर्कवरील सामायिक डिस्क वापरकर्त्याला अनेकदा नावाऐवजी क्रमांकाने ओळखते. त्यामुळे नाव सारखे असूनही क्रमांक वेगळा असल्यास लेखन नाकारले जाते. क्लाउडवरील साठ्याच्या बाबतीत वाचणे, लिहिणे आणि पुसणे या तिन्ही परवानग्या आवश्यक असतात. तसेच प्रवेशाची किल्ली प्रत्येक नोडच्या कीस्टोअरमध्ये असावी लागते.

सर्वाधिक गंभीर दोष दोन क्लस्टर एकाच रिपॉझिटरीत लिहू लागल्यास उद्भवतो. स्नॅपशॉट वाढीव पद्धतीने घेतले जातात. एकदा साठवलेली फाइल पुढील अनेक स्नॅपशॉट सामायिकपणे वापरतात. परिणामी एक फाइल नाहीशी झाली, तरी अनेक स्नॅपशॉट निरुपयोगी होऊ शकतात. साठ्यातील मजकूर अपेक्षेपेक्षा वेगळा आढळल्यास अलीकडील आवृत्त्या लेखन थांबवून त्रुटी दर्शवितात. अशा वेळी जागा मोकळी करण्यासाठी फाइली हाताने पुसू नयेत. प्रथम दुसरा लेखक शोधून त्याची नोंदणी काढावी किंवा ती केवळ वाचनापुरती ठेवावी, आणि मगच मूळ क्लस्टरवर नोंदणी काढून ती पुन्हा करावी. नोंदणी काढल्याने साठवलेले स्नॅपशॉट पुसले जात नाहीत. नुकसान खरोखरच झाले असल्यास नव्या जागी नवी रिपॉझिटरी उघडून ताबडतोब नवा स्नॅपशॉट घेणे इष्ट ठरते.

स्नॅपशॉटची स्थिती ‘आंशिक’ दिसत असल्यास काही भाग साठवलेच गेलेले नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा प्रथम क्लस्टरमधील अनुपलब्ध भाग पूर्ववत करावेत आणि नंतर नवा स्नॅपशॉट घ्यावा.

स्नॅपशॉट यशस्वी झाल्याचा संदेश पुरेसा मानू नये. ठरावीक काळाने एखादा इंडेक्स वेगळ्या नावाने परत आणून त्यातील नोंदी मोजून पाहाव्यात. नव्या आवृत्तीत घेतलेला स्नॅपशॉट जुन्या आवृत्तीच्या क्लस्टरमध्ये परत आणता येत नाही, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे. संकटाच्या वेळी उपयोगी पडतो तो परत आणून पाहिलेला बॅकअपच.