मैल पळताय? तिसरा राऊंड सांभाळा!

तुम्ही जीव तोडून शेवटचं कधी पळालात? बस सुटत होती म्हणून नाही, लेक्चरला उशीर झाला म्हणूनही नाही. घड्याळ लावून, ठरवून, एवढं अंतर एवढ्या वेळात संपवायचंच म्हणून?

बहुतेकांचं उत्तर असेल, शाळेत. स्पोर्ट्स डेला. त्यानंतर नाहीच.

माझंही तेच होतं. वय 33, दिवसभर खुर्चीत बसायची नोकरी आणि ‘आपण तशा फिट आहोत’ हा गोड गैरसमज. मागच्या वर्षी ऑफिसात मॅरेथॉनचं वारं शिरलं. कुणी 10 किलोमीटर, कुणी 21. मेडल, टीशर्ट, स्टेटसला फोटो. मी म्हटलं, एवढा वेळ कुणाकडे आहे? आपण एक मैल पळू. एकच मैल. त्यात काय एवढं!

काय एवढं, ते पहिल्याच रविवारी कळलं.

एक मैल म्हणजे 1609 मीटर. 400 मीटरच्या ट्रॅकवर चार राऊंड आणि वर नऊ-साडेनऊ मीटर. तुमच्या गावातल्या ग्राउंडवर पहाटे कधी गेलात तर हे अंतर पळणारी पोरं हमखास दिसतील. ती त्याला मैल म्हणत नाहीत, ‘सोळाशे’ म्हणतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर पळावं लागतं, मुलींना 800. सैन्यभरतीच्या रॅलीतही 1.6 किलोमीटरचीच धाव. आपण हौसेनं पळतो, त्यांच्यासाठी मात्र प्रत्येक सेकंदाला मार्क असतात.

त्या पोरांच्या बाजूला उभी राहून मी स्टॉपवॉच सुरू केलं. पहिला राऊंड 1 मिनिट 40 सेकंद. वा! दुसरा 2 मिनिटं 15. तिसऱ्यात अर्ध्या वाटेवर पाय शिशाचे झाले, छातीत भाता चालायला लागला आणि मी चक्क चालत सुटले. 3 मिनिटं 5. चौथा कसाबसा ओढला, 2 मिनिटं 40. एकूण 9 मिनिटं 40 सेकंद. मग गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभी राहिले.

बाजूला भरतीचा एक मुलगा पाणी पीत होता. म्हणाला, ‘‘ताई, पहिल्या राऊंडलाच भरती झाल्यासारखं पळता तुम्ही. थोडं तिसऱ्यासाठी ठेवत जा ना.’’

राग आला, पण तो बरोबर बोलत होता.

असं होतं का?

मैल पळताना लागणारी बहुतेक ऊर्जा शरीर ऑक्सिजन वापरून तयार करतं. पण श्वास आणि हृदय त्या वेगाला यायला जरा वेळ लागतो. आपण मात्र पहिल्या मिनिटातच सुसाट सुटतो. मग शरीर ऑक्सिजनची वाट न बघता झटपट ऊर्जा काढतं. ही उसनवारी असते. पहिल्या राऊंडला कळतच नाही, उलट भारी वाटतं. तिसऱ्या राऊंडला सावकार दारात उभा! स्नायूंत आम्लता वाढलेली असते, पाय उचलत नाहीत, आणि डोकं सांगायला लागतं, ‘बास की आता.’

त्यात तिसरा राऊंड असतोही विचित्र. सुरुवातीचा जोश संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. चौथ्यात निदान ‘हा शेवटचा’ म्हणून जोर तरी येतो.

हे फक्त तुमचं-माझं नाही. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड ट्रॅकवर रॉजर बॅनिस्टर हा 25 वर्षांचा पोरगा चार मिनिटांच्या आत मैल पळणारा जगातला पहिला माणूस ठरला. वेळ 3 मिनिटं 59.4 सेकंद. त्याचे राऊंड बघा. 57.5, 60.7, 62.3 आणि 58.9. सगळ्यात हळू कुठला? तिसराच!

बॅनिस्टरची गोष्ट कॉलेजवाल्यांनी वाचायलाच हवी. तो तेव्हा लंडनमध्ये डॉक्टरकी शिकत होता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन सराव करायचा. त्या दिवशी तो एकटाही नव्हता. ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे हे दोन दोस्त आळीपाळीनं त्याच्या पुढे पळून वेग धरत होते. सुरुवातीला बॅनिस्टर मागून ‘अजून फास्ट’ म्हणून ओरडत होता. ब्रॅशरनं ऐकलं नाही, तो आपल्याच वेगात पळत राहिला. ऐकलं असतं तर कदाचित रेकॉर्ड झालंच नसतं.

मग सराव कसा करायचा?

आधी एक आकडा ठरवा. तुमचा स्वतःचा. 8 मिनिटांत मैल हवा असेल तर एक राऊंड साधारण 2 मिनिटांचा. 7 मिनिटांसाठी पावणेदोन मिनिटांचा, 6 मिनिटांसाठी दीड. शेजारचा किती पळतो हे सोडून द्या.

पहिले चार-पाच आठवडे फक्त हळू पळा. आठवड्यातून तीन दिवस, 20 ते 30 मिनिटं. हळू म्हणजे किती? शेजारी पळणाऱ्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा, चालावं लागलं तर चाला. यात कुणालाच मजा येत नाही, आणि सगळे नेमकं हेच टाळतात. पण तिसऱ्या राऊंडचा दम इथेच तयार होतो.

त्यानंतर आठवड्यातला एक दिवस वेगाचा. ठरवलेल्या वेगानं एक राऊंड पळायचा, दोन-तीन मिनिटं चालायचं, परत एक राऊंड. चारपासून सुरू करून हळूहळू सहावर जा. अट एकच, पहिला आणि शेवटचा राऊंड सारख्याच वेळात आला पाहिजे. पहिला फार जोरात आला तर शाबासकी नाही, ती चूक आहे. बॅनिस्टरही असेच पाव-पाव मैलाचे दहा तुकडे मध्ये विश्रांती घेत पळायचा.

वेगाच्या दिवशी आधी दहा-पंधरा मिनिटं वॉर्मअप केल्याशिवाय पळू नका. दुसऱ्या दिवशी आराम. नडगी सतत दुखायला लागली तर चार दिवस थांबा, हिरोगिरी नको. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. उन्हात पळू नका, सकाळ गाठा. आणि हो, दर रविवारी पूर्ण मैल पळून वेळ बघायचा मोह आवरा. रोज बी उकरून बघितलं तर रोप येत नाही.

रेस कुठे मिळणार?

मॅरेथॉन आपल्याकडे ढीगभर, मैलाच्या रेस शोधून सापडत नाहीत. मग आपणच भरवायची. चार मित्र-मैत्रिणी, एक ग्राउंड, एक फोन. एकानं प्रत्येक राऊंडची वेळ ओरडून सांगायची, एकानं तिसऱ्या राऊंडला सोबत पळायचं. ना फी, ना मेडल. मुलींनो, पहाटे एकट्या जायला नको वाटत असेल तर दोघी-तिघींचा ग्रुप करा. सोबतीनं पळणं तसंही सोपं जातं.

पहिला राऊंड तुमच्या ठरलेल्या वेळेतच काढा. इतर पुढे गेले तर जाऊ द्या. दुसरा तसाच. तिसऱ्याला नजर पुढच्या वळणावर ठेवा, फक्त त्या वळणापर्यंत पळायचंय असं समजा. मग पुढचं वळण. चौथ्यात शेवटचे 200 मीटर उरले की काय असेल ते देऊन टाका.

दहा आठवड्यांनी मी परत स्टार्टला उभी राहिले. टार्गेट 8 मिनिटं. पहिला राऊंड 2 मिनिटं 1 सेकंद. दुसरा 2.02. तिसरा सुरू झाला आणि पायांनी पुन्हा तोच सूर लावला. तेवढ्यात तो भरतीवाला मुलगा शेजारी आला. ‘‘बोलू नका ताई, फक्त माझ्या पायांकडे बघा.’’ राऊंड संपेपर्यंत तो सोबत राहिला. 2.04. चालले नाही! चौथा 1.57. एकूण 8 मिनिटं 4 सेकंद.

हुकलं. चार सेकंदांनी.

केनियाची फेथ किपयेगोन ही मैलाची जागतिक विक्रमवीर. 2023 मध्ये मोनॅकोत तिनं 4 मिनिटं 7.64 सेकंदांत मैल पळाला. जून 2025 मध्ये पॅरिसला ती चार मिनिटांच्या आत पळायचा प्रयत्न करायला उतरली. खास शूज, खास कपडे, सोबतीला वेग धरणारे धावपटू. तरी सहा सेकंदांवर राहिली. त्यापुढे माझे चार सेकंद म्हणजे किस झाड की पत्ती! तरीही मला रडू आलं, हे खरं.

तो मुलगा हसला नाही. म्हणाला, ‘‘चार सेकंद लई असतात, ताई. मागच्या भरतीत मी दोन मार्कांनी राहिलो.’’

पुढच्या महिन्यात त्याचं ग्राउंड आहे. सध्या रविवारी सकाळी स्टॉपवॉच मी धरते, पळतो तो. माझा वेग त्याच्याजवळपासही नाही, त्यामुळे सोबत पळता येत नाही. पण तिसऱ्या राऊंडला मी समोरच्या वळणावर जाऊन उभी राहते आणि जोरात ओरडून त्याला वेळ सांगते.

तुमच्या ग्राउंडवरही असं कुणीतरी पळत असेल. जाऊन बघा एकदा. शूज घालूनच जा.