थंड समुद्रासाठी जहाज निवडताना
हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे औंढ्या-वसमतचं कुटुंब अलास्का, नॉर्वे किंवा अंटार्क्टिकाला निघतं तेव्हा माहितीपत्रकातल्या स्विमिंग पूलवरच भाळतं. खरं तर पहिला प्रश्न 'आइस क्लास'चा, म्हणजे जहाज किती बर्फ झेलू शकतं याचा, विचारावा. बाल्टिकच्या मापात 'वन-ए सुपर' सर्वांत मजबूत, 'वन-सी' हलक्या बर्फापुरतं. ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांना १ जानेवारी २०१७ पासून 'पोलर कोड' ही आंतरराष्ट्रीय नियमावली लागू आहे. अंटार्क्टिकात ५००हून जास्त प्रवाशांचं जहाज कुणालाच किनाऱ्यावर उतरवत नाही; एका ठिकाणी एका वेळी १०० जणच उतरतात. म्हणून तिथे लहान जहाजच घ्या, महाग पडलं तरी. अलास्काच्या उन्हाळी सफरीला मोठं जहाज चालतं. काचेआडची बसायची जागा मात्र हवीच, विशेषतः आई-वडील सोबत असतील तर.